मांडणीचं माप कोण तपासणार?

दिवाळीचा बाजार तोंडावर आला की सोलापुरात एक वाद हटकून निघतो. नवी पेठेतला व्यापारी म्हणतो, या मोठ्या मार्टांनी लोकांना भुरळ घातली आहे. गार हवा, मंद गाणी, लखलखीत दिवे, आणि किलोभर रवा आणायला गेलेला माणूस दीड हजाराचं बिल घेऊन बाहेर येतो. जुळे सोलापुरातला नोकरदार त्यावर उसळतो. कुणी हात धरून ट्रॉलीत टाकतं का? गिऱ्हाईक काय कुक्कुलं बाळ आहे? मग पहिला संस्कृतीवर घसरतो, दुसरा स्वातंत्र्यावर, आणि दोघंही आपापल्या घरी जातात. इतकी वर्षं हे असंच चाललं आहे आणि त्यापायी एकाही दुकानातली एक फळीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुकानाची रचना माणसाला खरेदीकडे ढकलते. मार्टात ढकलते, तशीच चाटी गल्लीतही ढकलते. तेव्हा ‘भुलवतात की नाही’ हा प्रश्न आता सोडून द्यावा आणि मांडणीकडे आपण तराजूकडे पाहतो तसं पाहायला शिकावं. तराजू दुकानदाराच्या मालकीचा असतो, पण त्याच्यावर शिक्का सरकारचा लागतो. दुकानाच्या रचनेतल्या काही मोजक्या जागांवर असाच सार्वजनिक नियम हवा. गाणी कोणती लावावीत, भिंतीला रंग कोणता द्यावा, उदबत्ती लावावी की अत्तर फवारावं, हे सगळं खुशाल त्याच्या हौसेवर सोडावं.

‘गिऱ्हाईक शहाणं आहे’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॉलचं मानसशास्त्र म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं फुगवलेलं असतं. दूध मुद्दाम मागच्या भिंतीला ठेवतात, म्हणजे तुम्हाला सगळं दुकान चालावं लागतं, असं छातीठोकपणे सांगतात. असेलही तसं. पण दुधाला शीतकपाट लागतं, शीतकपाटं भिंतीलगतच बसतात आणि माल मागच्या दाराने येतो, ही कारणंही तितकीच खरी आहेत. अमेरिकेत शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी केलेला जॅमचा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबून चव घेणाऱ्यांपैकी 3 टक्क्यांनी बरणी घेतली. 6 प्रकार मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. निवड जास्त दिली की माणूस गोंधळतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि जगभर गाजला. पुढे 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. संगीताचंही तसंच. रोनाल्ड मिलिमन यांनी 1982 मध्ये दाखवून दिलं की संथ संगीत असताना सुपरमार्केटची विक्री वेगवान संगीताच्या दिवसांपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त झाली. आकडा तोंडात बोट घालायला लावणारा आहे, पण तो एका दुकानातला, एका काळातला आहे. तो उचलून सात रस्त्यावरच्या दुकानाला चिकटवणं हा भाबडेपणा झाला.

तर मग परिणाम नाहीच, असं म्हणायचं का? तसंही नाही. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाइनच्या रॅकजवळ एक दिवस फ्रेंच आणि एक दिवस जर्मन संगीत लावून पाहिलं गेलं. हा अभ्यास 1997 मध्ये छापून आला. फ्रेंच सुरांच्या दिवशी फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन सुरांच्या दिवशी जर्मन. बाटल्यांची एकूण संख्या शंभराच्या आतच होती, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘तुमच्या निवडीवर संगीताचा परिणाम झाला का’ असं विचारल्यावर बहुतेकांनी नाही म्हणून सांगितलं. आपल्यावर कशाचाही परिणाम होत नाही ही खात्री आपल्या सगळ्यांनाच असते. त्या खात्रीवर सार्वजनिक धोरण ठरवायचं का?

आणि प्रयोग बाजूला ठेवले तरी एक रोकडा पुरावा उरतोच. डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा, रॅकचं टोक, बिलिंग काउंटरच्या शेजारचा कोपरा, या जागांसाठी कंपन्या पैसे मोजतात. जागेचा काही उपयोग नसता तर धंद्यातली माणसं वर्षानुवर्षं तो खर्च करत बसली असती का? दुकानदार आणि कंपनी आपसात ज्या गोष्टीची किंमत ठरवतात, ती गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाबतीत मात्र निरुपयोगी असते, असं एकाच तोंडाने म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मार्टाच्या नावाने बोटं मोडणारा आमचा व्यापारी स्वतःच्या दुकानाकडे कधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघतो का? लग्नाचा बस्ता बांधायला अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून, अगदी विजापूर, कलबुर्गीकडूनही कुटुंबंच्या कुटुंबं सोलापुरात येतात. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर बसायचं. बसलं की चहा येतो, पोरांना थंड येतं. मग साड्यांच्या घड्या एकामागून एक उलगडत जातात, ढीग गुडघ्यापर्यंत चढतो, आणि नवरीच्या आत्याला एकही रंग पसंत नसला तरी आता उठून जायला कुणाचा जीव धजत नाही. इतकं केलं बिचाऱ्याने! मार्केटिंगचे अमेरिकी अभ्यासक फिलिप कॉटलर यांनी दुकानाचं वातावरण हे विक्रीचं हत्यार आहे असं सत्तरच्या दशकात लिहिलं आणि त्याचं शास्त्र झालं. आमच्या पेढ्यांवर ते त्याआधीपासून बिननावाने चालत आलं आहे. पंढरपुरात महाद्वार घाटाकडून नामदेव पायरीकडे जाणारी वाट बघा. दुतर्फा बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे, पेढे. देवाकडे जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा बाजारातून जाणं भाग. अमेरिकेत मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 1916 मध्ये पहिलं स्वतः माल उचलण्याचं किराणा दुकान काढलं. त्यात शिरायला एक फिरतं दार होतं, आणि सगळ्या रॅकसमोरून वळणं घेत गेल्याशिवाय पैसे देण्याच्या जागेपाशी पोचताच येत नसे. त्या रचनेचं 1917 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पंढरीच्या व्यापाऱ्यांनी पेटंट घेतलं नाही, इतकाच फरक.

‘झगमगाटाने भुलवतात’ हे तर निखालस चूक आहे. भारतात मोठी दुकानं रुजली ती झगमगाटाने नव्हे. बिग बझार 2001 मध्ये सुरू करणाऱ्या किशोर बियाणी यांच्या लक्षात आलं की रुंद, सरळ, नीटनेटक्या वाटा ठेवल्या की आपली माणसं त्यातून सरळ चालत निघून जातात. म्हणून त्यांनी मुद्दाम गर्दी, ढीग आणि गोंगाट ठेवला. मंडईत असल्यासारखं वाटलं की लोक थांबतात, ढिगात हात घालतात. म्हणजे ज्या देशी बाजाराची आठवण काढून आपण हळहळतो, त्याचीच नक्कल करून माल विकला गेला. वातावरण म्हणजे वातानुकूलन, हा गैरसमज आधी डोक्यातून काढायला हवा.

जुन्या दुकानाबद्दलच्या हळहळीत आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. काउंटरपलीकडे उभा असलेला किराणा दुकानदार सगळ्यांना सारखं वागवत नव्हता. कुणाला आधी माल द्यायचा, कुणाला ताटकळत ठेवायचं, कुणाला चांगला तांदूळ दाखवायचाच नाही, हे त्याचे डोळे ठरवत. कपडे, आडनाव, वस्ती आणि उधारीची वही, या चारांवर माणसाचं माप व्हायचं. सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी विडी कामगार बाई आज मार्टात जाते, तुपाची बरणी हातात घेते, मागे छापलेली किंमत बघते आणि परत ठेवते. तिला कुणी ‘घ्यायचं नाही तर हात कशाला लावता’ असं म्हणत नाही. हा मोकळेपणा लहान नाही. मार्टाच्या बाजूने बोलायला मला कुणी सांगितलं, तर मी स्वस्ताईच्या आधी हेच सांगेन. काउंटर हटवणं ही आपल्या समाजात एक छोटी क्रांती होती आणि ती रचनेनेच घडवली. रचना माणसाला भुलवू शकते तशी ती माणसाला मानही देऊ शकते. आणि ती एवढं काही करू शकत असेल, तर ती केवळ मालकाची खाजगी बाब कशी राहील?

गल्लीतलं दुकान विरुद्ध मार्ट ही लढतही वरवरची आहे. कोणत्याही गल्लीतल्या किराणा दुकानासमोर उभे राहा. पुढे काचेच्या दाराचं शीतपेयाचं कपाट, बहुतेक वेळा कंपनीने दिलेलं, आणि ते आपल्याच बाटल्यांसाठी वापरावं अशी कंपनीची अपेक्षा. वरून लटकणाऱ्या चिप्सच्या, शॅम्पूच्या, सुपारीच्या पुड्यांच्या माळा. गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या नेमक्या पोरांच्या नजरेच्या रेषेत. दुकानाच्या पाटीचा अर्धा भाग मोबाइल कंपनीने रंगवलेला. हे दुकान मालकाने मांडलं आहे की त्याला माल पुरवणाऱ्यांनी? डाळ-तांदळाची पोती मागे अंधारात गेली ती त्याच्या इच्छेने गेली नाहीत.

जुन्या बाजारातली एक रचना मात्र खरोखर गिऱ्हाइकाच्या बाजूची होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकाच जिनसाची दुकानं एका गल्लीत असत. गादीवरून उठण्याचं धाडस एकदा केलंत की शेजारचं दुकान चार पावलांवर. भाव पटला नाही, पोत पटला नाही, तर दुसरीकडे जायला खर्च शून्य. गादीचा दबाव होता, तसा गल्लीचा उताराही होता. एका छपराखालच्या दुकानात हा उतारा नाही. पिशवी दारात जमा करून टोकन घेतलेलं असतं. आत आलो ते दार फक्त आत येण्याचं असतं. बाहेर पडायचं तर बिलाच्या रांगेतून वाट काढायची आणि दारावरच्या रक्षकाला बिल दाखवायचं. काही घेतलंच नसेल तर? रिकाम्या हाताने निघालेला माणूस त्या रांगेत अंग चोरून, ‘जरा जाऊ द्या’ करत, चोरासारखा बाहेर पडतो. म्हणून कुणी साबणाची वडी उचलतो, कुणी बिस्किटाचा पुडा, उगाच. काही न घेता बाहेर पडण्याची वेगळी, रुंद, पाटी लावलेली वाट ठेवा, एवढा नियम केला तर कोणाचं स्वातंत्र्य बुडणार आहे? आग लागली तर तीच वाट उपयोगी पडेल.

‘सरकारने आता रॅकही मोजायचे का?’ असं कुणी उपहासाने विचारेल. सरकार मोजत आलंच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात शेर आणि मण गावागणिक बदलत होते. वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा 1956 मध्ये आला आणि पुढे दशमान पद्धत लागू झाली. गिऱ्हाईक शहाणं आहे, ते आपलं बघून घेईल, हा युक्तिवाद तेव्हाही करता आला असता. शाळा-महाविद्यालयांपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत, हे 2003 च्या कायद्याने ठरवलं. तिथे वस्तूवर बंदी नाही, जागेवर आहे. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! वाइन तर आधीपासून दुकानात मिळतच होती. मग भांडण कशाचं होतं? ती डाळ-तांदळाशेजारच्या कप्प्यात दिसेल याचं. रॅकने फरक पडतो हे त्या वेळी अख्ख्या महाराष्ट्राने, दोन्ही बाजूंनी, गृहीत धरलं होतं. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतल्या 13 फसव्या रचना नावानिशी अयोग्य ठरवल्या: न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, ‘आता फक्त दोनच उरल्या’ अशी खोटी घाई, बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं. मोबाइलच्या पडद्यावर बाहेर पडणं अवघड केलं तर ते गैर, आणि होटगी रोडवरच्या विटा-सिमेंटच्या दुकानात केलं तर तो व्यवसायाचा हक्क, हा न्याय कुठला?

बिलिंग काउंटरशेजारच्या गोळ्या-चॉकलेटांचं उदाहरण सगळ्यांत सोपं आहे. आई रांगेत अडकलेली, पोर ट्रॉलीत बसलेलं, आणि त्याच्या हाताच्या अंतरावर रंगीत वेष्टनं. इथे ‘गिऱ्हाईक सज्ञान आहे’ हा युक्तिवाद लागूच होत नाही, कारण लक्ष्य सज्ञान नाही. इंग्लंडने ऑक्टोबर 2022 पासून जास्त साखर, मीठ आणि चरबीचे ठरावीक पदार्थ काउंटरजवळ, प्रवेशदाराशी आणि रॅकच्या टोकाला ठेवायला मोठ्या दुकानांना मनाई केली. पदार्थ दुकानात आहेत, ज्याला हवे त्याने आतल्या रॅकवरून घ्यावेत. 2,000 चौरस फुटांहून लहान दुकानांना सूट आहे, म्हणजे ‘छोट्या दुकानदाराचा जीव घ्याल’ ही तक्रारही आधीच ऐकून घेतली आहे. आपल्याकडे हाच नियम आणायला काय हरकत आहे? पोराला चॉकलेट मिळणार नाही असं नाही. फक्त ते मागायला आधी त्याला आठवावं लागेल.

मला सगळ्यांत जास्त आग्रह धरावासा वाटतो तो किमतीच्या चिठ्ठीचा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. पाकिटबंद मालावर एककामागची किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पडले, हे छापणं आपल्याकडे जानेवारी 2024 पासून बंधनकारक आहे. ती छापलेली असते पाकिटाच्या पाठीवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. रॅकवर मोठ्या अक्षरात काय असतं? ‘बचत’, ‘ऑफर’, ‘एकावर एक’. युरोपीय संघाने विक्रीच्या किमतीबरोबर एककामागची किंमतही गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसली पाहिजे असा दंडक 1998 मध्येच घातला. तशी चिठ्ठी नसली की काय होतं? मोठं पाकीट स्वस्त पडतं या समजुतीवर माणूस डोळे झाकून मोठं उचलतो. पण शॅम्पूची एक-दोन रुपयांची पुडी अनेकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत तीच राहते आणि आतलं वजन गुपचूप घटतं. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या यंत्रमाग कामगाराला हा गुणाकार-भागाकार रॅकसमोर उभं राहून करायला लावायचा, आणि चुकला तर ‘शहाण्या गिऱ्हाइकाने बघायला हवं होतं’ म्हणायचं! या शहरात लोक मराठी, तेलुगू, कानडी, दखनी बोलतात. रॅकवरच्या चिठ्ठ्या मात्र बहुधा इंग्रजीत. आकडा मोठा आणि देवनागरीत असावा, शेजारी ग्रॅमचा भाव असावा, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. यात गंमत अशी की या नियमाचा पहिला फायदा नवी पेठेतल्या आणि मंगळवार पेठेतल्या व्यापाऱ्यालाच होईल. त्याची सुटी डाळ मुळातच किलोच्या भावाने लिहिलेली असते. अडचण 850 ग्रॅमची पिशवी किलोच्या पिशवीसारखी दाखवणाऱ्याची आहे. पण आमचा व्यापारी संस्कृतीवर बोलण्यात इतका गुंतला आहे की आपल्या फायद्याचा नियम मागायचं त्याला सुचत नाही.

एक बाजू या सगळ्या चर्चेत कुणाच्याच ध्यानात येत नाही. गिऱ्हाईक त्या वातावरणात अर्धा तास असतं. कापडाच्या दुकानातली मुलगी दहा-दहा तास. तेच गाणं, तेच दिवे, आणि गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते, दुकान ‘पडलेलं’ वाटतं. म्हणजे तिचं उभं राहणं हाही सजावटीचाच भाग. केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला. 2021 मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. गिरण्यांच्या संपांचा इतिहास असलेल्या सोलापुरात या मागणीचा एक मोर्चा निघू नये, याचं मला नवल वाटतं. एक स्टूल, बस्स.

नियमांचं आपल्याकडे काय होतं, ही शंका रास्त आहे. कागदावर नियम आणि दुकानात मनमानी, हे आपण खूप पाहिलं. कापडी पिशवीचे वेगळे पैसे बिलाच्या वेळी लावण्यावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये ताशेरे ओढले. निवड करण्याआधी गिऱ्हाइकाला हे कळायला हवं, शेवटच्या क्षणी काउंटरवर नव्हे, असा त्यातला रोख होता. तरी तो प्रश्न ‘पिशवी हवी का?’ अजून काउंटरवरच विचारला जातो. पण अंमलबजावणी ढिली असणं हे नियम नको म्हणण्याचं कारण असेल, तर हेल्मेटपासून घरपट्टीपर्यंत सगळंच गुंडाळून ठेवावं लागेल. शिवाय रॅक, दार आणि चिठ्ठी या लपवता न येणाऱ्या गोष्टी आहेत. कुणीही गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो काढून तक्रार करू शकतं.

‘आधी दुधातली भेसळ थांबवा, मग चिठ्ठ्यांचं बघा’ हा आमच्याकडचा ठेवणीतला शेवटचा डाव. भेसळ अन्न व औषध प्रशासनाने थांबवायची आहे. वैधमापन शास्त्राचा निरीक्षक दूध तपासत नाही. तो तराजू आणि पाकिटावरचा मजकूर तपासतो, आणि त्यासाठी त्याला दुकानात जावंच लागतं. पाकीट हातात घेऊन पाठीवरची ग्रॅमची किंमत वाचणाऱ्या त्या माणसाला समोरच्या रॅकवरची चिठ्ठीही वाचायला सांगायची आहे.